पोत्यांची फेरी

पाळणे तपासणाऱ्या माणसाला पाळण्यात बसण्याची मजा म्हणून उरत नाही. तो आधी वाकून खाली बघतो, बोल्टांवर टिचकी मारतो, साखळीला बोट लावून ग्रीस ताजं आहे का ते बघतो, आणि तोवर बरोबरच्यांच्या दोन फेऱ्या मारून झालेल्या असतात. अशा शे-दोनशे माणसांचं अधिवेशन भरवायला कुणीतरी इगतपुरीच्या पठारावरचं ‘अंतराळगाव’ हे मनोरंजन-उद्यान निवडलं, तेव्हा हर्षद तावरेला हसू आलं. शाळा तपासनिसांची सहल शाळेतच न्यावी, तसला हा प्रकार होता.

हर्षद हा सांगली विभागाचा सरकारी निरीक्षक. इमारतींच्या लिफ्ट, जत्रेतले पाळणे आणि मोठ्या उद्यानांतली पोटात गोळा आणणारी यंत्रं त्याच्या सहीशिवाय चालू होत नसत. आयुष्यभर हेच केल्यामुळे आपोआप चालणाऱ्या गाडीत बसला तरी त्याचा उजवा पाय, जिथे ब्रेक नव्हताच तिथे, ब्रेक दाबत असे. अधिवेशनाच्या निमंत्रणात जोडीदारालाही उद्यानात मोफत प्रवेश होता. कामाचं काम आणि सहलीची सहल, असं म्हणत त्याने रेणुकाला बरोबर चलायचा आग्रह धरला. तू बोल्ट तपासशील आणि मी बाकावर बसून लोकांच्या किंकाळ्या ऐकेन, असं ती म्हणाली. पण आली. पाच वर्षांत ती सांगलीबाहेर अशी पडलीच नव्हती.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत रेणुका शाळेत खेळाची शिक्षिका होती, आणि त्याआधी जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळलेली. खांबाला हात लावून पूर्ण वेगात वळणं ही तिची खासियत. समोरचा गडी भोवळ येऊन बघत राही आणि ही दुसऱ्या टोकाला पोचलेली असे. मग एका जबर जंतुसंसर्गातून ती मरता मरता वाचली. ज्या इंजेक्शनांनी जीव वाचवला, त्यांनीच दोन्ही कानांतला तोल नेला. डॉक्टरांनी हा धोका आधी सांगितला होता आणि हर्षदने क्षणभरही विचार न करता हो म्हटलं होतं. त्याचा त्याला कधी पश्चात्ताप झाला नाही. पण घरी आलेली रेणुका अंधारात उभी राहू शकत नव्हती, आणि चालताना तिच्या डोळ्यांपुढचं सगळं जग खडबडीत रस्त्यावरच्या बैलगाडीतून बघावं तसं हादरत असे.

हळूहळू डोळ्यांवर आणि तळपायांवर भिस्त ठेवून ती पुन्हा चालायला शिकली. घरात ती एकटी वावरायची. बाहेर मात्र दोघांची एक पद्धत ठरून गेली होती. हर्षद पुढे चालायचा आणि ती मागून त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहात टेकवून यायची. भार टाकायची नाही, नुसता हात ठेवायची. तेवढ्या स्पर्शावरूनही मेंदूला उभं-आडवं कळतं, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. सांगलीतले लोक या दोघांच्या वरातीला सरावले होते. इथे हॉटेलात शिरताना मात्र माना वळल्या, आणि रेणुकाने ते पाहिलं.

खोलीत सामान टाकल्यावर ती म्हणाली, तू थांब इथेच. खोलीपासून लिफ्टपर्यंत लांबलचक कॉरिडॉर होता. ती नजर समोर रोखून, भिंतीला बोटही न लावता, टोकापर्यंत चालत गेली आणि वळून भुवया उडवल्या. हर्षदने अंगठा वर केला. सहलीची सुरुवात चांगली झाली होती.

*

निरीक्षकांच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. नवा पाळणा लोकांसाठी उघडण्याआधी त्यात माणसांऐवजी वाळूची पोती बसवायची, एकेक पोतं एका धिप्पाड माणसाच्या वजनाचं. पट्टे आवळायचे आणि पाळणा पूर्ण वेगाने फिरवायचा. पोती जागची हलली नाहीत, फाटली नाहीत, तर मग निरीक्षकाने स्वतः पुढच्या जागेवर बसायचं. पहिली ती पोत्यांची फेरी, दुसरी साहेबांची फेरी. दुसरीची कायद्यात कुठेही तरतूद नाही. पण जो साहेब स्वतः बसत नाही, त्याच्या सहीला जत्रेतला पाळणेवालाही मनातून किंमत देत नाही.

अंतराळगावातल्या नव्या यंत्राचं नाव होतं ‘निश्चल’. काळ्या घुमटाखाली खुर्च्यांच्या चार रांगा, जमिनीत पक्क्या गाडलेल्या. रूळ नाहीत, साखळी नाही, मोटर नाही. सवयीने कुणीतरी पोती मागवली आणि उद्यानवाल्यांनीही गंमत म्हणून ती खुर्च्यांत बसवून कपाळाला पट्टे बांधले. फेरी झाली. पोती होती तशीच बसली होती, एकाचीही शिवण उसवली नव्हती. सगळे हसले. हर्षदही हसला, पण त्याच्या मनात आलं की इथे आपण तपासायचं तरी काय.

ते समजावून सांगायला डॉ. परिणीता बोरकर आल्या. मेंदूविज्ञान शिकलेली ही पस्तिशीची बाई मूळची वर्ध्याची, आणि निश्चल ही तिच्याच डोक्यातली कल्पना. तिने सांगितलं ते असं. आपल्या प्रत्येक कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागून, द्रवाने भरलेल्या तीन बारीक वाकड्या नळ्या असतात. तांब्या गर्रकन फिरवला तर आतलं पाणी क्षणभर मागे राहतं ना, तसा डोकं वळलं की हा द्रव मागे राहतो. नळीत केसांसारख्या पेशी असतात, त्या या प्रवाहाने वाकतात आणि मज्जातंतूमार्फत मेंदूला कळवतात की डोकं अमुक बाजूला, इतक्या वेगाने वळलं. आपण पडतोय, वळतोय, वर जातोय, हे सगळं आपल्याला मुख्यतः तिथून कळतं. निश्चलचा पट्टा कानांमागून एक अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतो. तो त्या पेशींना वगळून थेट मज्जातंतूलाच संदेश देतो. माणूस जागचा हलत नाही, पण मेंदूची खात्री पटते की आपण कड्यावरून खाली चाललो आहोत.

“म्हणजे दारावरच्या बेलचं बटण न दाबता वायरला वायर लावून घंटी वाजवायची,” हर्षद म्हणाला.

डॉ. बोरकर म्हणाल्या की अगदी तेच, सर.

मग साहेबांची फेरी झाली. हर्षद घुमटाखाली बसला आणि पुढची काही मिनिटं त्याने खुर्चीचे हात सोडले नाहीत. तो सरळ आभाळात गेला, उलटा झाला, दरीत कोसळला. दिवे लागले तेव्हा तो होता तिथेच होता. फक्त दाराकडे जाताना त्याला जमीन किंचित डावीकडे कलल्यासारखी वाटली, आणि बाकीचे साहेबही कठडा धरून उतरत होते. बोटीतून उतरल्यावर होतं तसं, पाच-दहा मिनिटांत जातं, असं बोरकरांनी सांगितलं. अशा यंत्रांसाठी देशात नियमच नव्हते. ते लिहायला नेमलेल्या समितीचा हर्षद प्रमुख होता आणि अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मसुदा मांडायचा होता. त्याने मनात एक टिपण केलं, की उतरल्यानंतरचंही काहीतरी लिहायला हवं. आजवरच्या कुठल्याही नियमात ते नव्हतं. मांडीवरचा बार उघडला, माणूस फलाटावर उतरला, की निरीक्षकाचं काम संपलं, असंच सगळे धरून चालत आले होते.

जेवताना त्याने हे सगळं रेणुकाला सांगितलं. वायरला वायर, हे ऐकताना तिचा घास हातातच राहिला.

“माझं बटण तुटलंय,” ती म्हणाली. “वायर आहे ना अजून?”

*

वायर होती. त्या औषधाने फक्त पेशी मारल्या होत्या, मज्जातंतू शाबूत होता. डॉ. बोरकरांना हे ऐकून इतका आनंद झाला की त्या चहा तसाच ठेवून उठल्या. निश्चलच्या शेजारी ‘मैदान’ नावाचा मोठा हॉल होता. तिथे लोक पट्टा बांधून मऊ जमिनीवर धावत आणि त्यांना जहाजाच्या डेकवर किंवा चंद्रावर धावल्याचा भास होई. त्यासाठी छतातले कॅमेरे प्रत्येकाच्या डोक्याची बारीकसारीक हालचाल टिपत. बोरकरांनी यंत्राला एवढंच सांगितलं की या बाईंना जहाज नको, चंद्र नको, त्यांचं डोकं खरोखर जसं हलतंय तेवढंच त्यांच्या मज्जातंतूला कळव.

रेणुका हर्षदच्या पाठीवर हात ठेवून मैदानात गेली. पट्टा बांधला. पहिली काही पावलं हात तिथेच होता. मग तो उचलला गेला. हर्षदला ते पाठीवर कळलं, म्हणून त्याने वळून बघितलं. रेणुका डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत होती आणि भिंतीवरची पाटी वाचत होती. चालता चालता पाटी वाचणं तिला पाच वर्षांत जमलं नव्हतं. मग ती भराभर चालली, मग धावली. हॉलच्या मध्ये छताचे दोन खांब होते. पहिल्या खांबाला हात लावून ती वळली ती थेट दुसऱ्याकडे, पुन्हा वळली, पुन्हा धावली. केस सुटले, चष्मा पडला, ती थांबली नाही. तिथे जहाजावर डोलत असलेले लोक बाजूला होऊन बघत राहिले.

हर्षद भिंतीला टेकून रडला. आनंदानेच रडला. आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, एक जागा गार पडल्यासारखी वाटली, तिची त्याला लाज वाटली. त्याने शर्ट नीट केला आणि तिचा चष्मा उचलायला गेला.

रेणुकाने विचारलं की हा पट्टा घरी नेता येईल का. कॅमेऱ्यांचं काम पट्ट्यातच बसवणं अवघड नाही, पण दीड-दोन तासांपलीकडे कानामागची कातडी हा प्रवाह सोसत नाही, भाजते, असं बोरकरांनी सांगितलं. दिवसभर घालता येईल असा पट्टा व्हायला अजून बरीच वर्षं होती. तोवर इथे हव्या तितक्या वेळा या, असं त्या म्हणाल्या, आणि ते मनापासून म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी हर्षद सकाळपासून सभागृहात लिफ्टच्या दोरांवरचे निबंध ऐकत होता आणि रेणुका मैदानात होती. कातडीला आराम देत देत तिने सकाळी दोनदा आणि दुपारी एकदा पट्टा बांधला. आदल्या संध्याकाळी ती बाथरूममध्ये घसरली होती, तेव्हा दोघांनीही ओल्या फरशीला दोष दिला होता. पण चहाच्या सुट्टीत हर्षद खोलीकडे निघाला तेव्हा ती कॉरिडॉरच्या मध्यावर बसलेली दिसली. भिंतीला पाठ लावून, दोन्ही तळहात गालिच्यावर दाबून. ती लिफ्टकडे निघाली होती. परवा याच कॉरिडॉरमधून ती भुवया उडवत गेली होती.

“चक्कर आली जरा,” ती म्हणाली. त्याने उचलून उभं केलं तर तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि या वेळी तो नुसता ठेवलेला नव्हता. तिचा सगळा भार त्यावर होता.

हर्षद तसाच बोरकरांकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाल्या की ही शंका त्यांना रात्रीच आली होती. मेंदू मोठा व्यवहारी असतो. कानाकडून काही कळेना झालं तेव्हा रेणुकाच्या मेंदूने पाच वर्षं खपून डोळे, तळवे आणि एका पाठीच्या स्पर्शावर काम चालवायची विद्या कमावली. आता कान पुन्हा बोलायला लागला, तोही खणखणीत, तर ही कष्टाची विद्या तो कशाला राखील? हातात गणकयंत्र आल्यावर पाढे विसरावेत तसं हे आहे. फरक इतकाच, की पट्टा काढला की गणकयंत्र जातं आणि पाढेही आठवत नाहीत.

परत येतील का, हर्षदने विचारलं.

“आता थांबल्या तर येतील, सर. काही आठवडे लागतील. पण असंच चालू ठेवलं तर किती येतील ते मला खरंच माहीत नाही.” मग त्यांनी खाली बघत दुसरी गोष्ट सांगितली. कंपनीच्या वरिष्ठांनी रेणुकाताईंचं धावणं पाहिलं होतं. उद्या समारोपाला मंचासमोर त्यांचं प्रात्यक्षिक ठेवायचं ठरलं होतं, आणि ताईंनी हो म्हटलं होतं.

हर्षद खोलीत परतला आणि मसुद्यात त्याने एक नवं कलम लिहिलं. यंत्रातून उतरलेला माणूस जसा आला तसा चालत जाईपर्यंत फेरी चालूच आहे असं समजावं, आणि ज्यांच्या कानांत मुळात तोल नाही त्यांना अशा यंत्रात बसवू नये. लिहून झाल्यावर त्याने ते रेणुकाला वाचून दाखवलं. तिच्यापासून काही लपवायची त्याला सवय नव्हती.

बाहेर ऊन उतरत होतं आणि खिडकीतून मोठ्या पाळण्यावरच्या लोकांचा ओरडा येत होता. रेणुका पलंगाच्या कडेवर बसून तो ऐकत होती.

“काढून टाक ते,” ती म्हणाली.

त्याने तिला बोरकरांचं म्हणणं सांगितलं. तिला ते माहीत होतं, तिने दुपारीच विचारून घेतलं होतं. पाच वर्षांत मी काय कमी वेळा पडले का, ती म्हणाली, तेव्हा तू कुठे नियम लिहिलास. वर्षातून दोनदा इथे येईन, पळेन, घरी जाऊन पडेन, पुन्हा शिकेन. माझं पडणं आहे, मला हिशेब ठरवू दे. हर्षद म्हणाला की हा नियम एकट्या तिच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे.

“सगळ्यांसाठी,” रेणुका म्हणाली. “खरं सांग हर्षद. तुला भीती कसली वाटते? मी पडेन याची, की मला तुझी पाठ लागणार नाही याची?”

काल भिंतीला टेकून उभं असताना गार पडलेली ती जागा त्याला आठवली. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाच वर्षं बाजारात, बँकेत, लग्नकार्यात आपण पुढे आणि हिचा हात मागे. लोक म्हणायचे, किती करतो हा बायकोसाठी. ते ऐकायला त्याला आवडत होतं. त्या हाताची त्याला गरज लागली होती, हे त्याने आज पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

त्याच्या नोकरीत त्याने एक दंडक कायम पाळला होता. आपल्या चुलतभावाचा पाळणा आपण तपासायचा नाही. ज्यात आपला जीव अडकलाय, तिथे आपल्या नजरेवर भरवसा ठेवायचा नाही, मग ती नजर कितीही चांगली असो. सकाळी त्याने कलम खोडून टाकलं आणि मसुदा समितीकडे दिला. अशा वेळी दुसऱ्या साहेबाला बोलवायचं असतं, हा दंडकाचा उरलेला अर्धा भाग त्याला सुचला नाही. आपण न्यायाने वागलो असंच त्याला वाटलं.

रेणुका नाश्त्याच्या टेबलावर एका अनोळखी बाईशी बोलत बसली होती. त्या बाईंची काठी खुर्चीला टेकवलेली होती. हर्षदने येऊन कलम काढल्याचं सांगितलं. रेणुकाने नुसती मान हलवली. तिच्या पुढ्यातले पोहे निवले होते.

*

समारोपाला सभागृह भरलं होतं. मंचासमोरची जागा मोकळी करून मऊ जमीन अंथरली होती, दोन टोकांना दोन खांब रोवले होते आणि वर छताला कॅमेरे बसवले होते. कंपनीच्या वरिष्ठांनी रेणुकाताईंची ओळख करून दिली, पाच वर्षांचा अंधार वगैरे शब्द वापरले. हर्षद समितीच्या रांगेत बसला होता. त्याच्या मांडीवर मसुद्याची प्रत होती.

रेणुकाने साडीऐवजी ट्रॅकपँट घातली होती. डॉ. बोरकरांनी तिच्या कपाळाला पट्टा बांधला. त्यांचा चेहरा उतरलेला होता. रेणुका धावली. कालच्याहून छान धावली. खांबाला टेकलेला हात, अर्ध्यावर झुकलेलं अंग आणि पलीकडे सुटलेली ती, हे बघून साहेबमंडळी उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. वरिष्ठ ध्वनिक्षेपकाकडे निघाले.

रेणुकाने हात वर केला.

“थांबा. फेरी अजून संपलेली नाही.”

तिने स्वतःच्या हाताने पट्टा सोडला आणि बोरकरांकडे दिला. मग हॉलच्या मागच्या दाराकडे बोट दाखवून ती म्हणाली की तीन दिवसांपूर्वी ती इथून त्या दारापर्यंत एकटी चालत गेली असती. आता बघा, असं म्हणून तिने पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला ती डावीकडे अशी कलली की जणू कुणी ढकललं, आणि गुडघ्यांवर पडली. हर्षद ताडकन उठला. तिने त्याच्याकडे न बघता तळहात पुढे केला, थांब म्हणून. ती उठली. पुन्हा दोन पावलं, आणि पुन्हा त्याच अंगाला पडली. या वेळी हातांनी सावरता आलं नाही, खांदा आपटला.

ती उठली नाही. पडली तिथेच उकिडवी बसली, दोन्ही हातांची बोटं जमिनीला टेकवून. खो-खोत गडी चौकोनात बसतो तशी.

“पोत्यांना कान नसतात,” ती म्हणाली. “म्हणून ही फेरी मी केली. हर्षद, ते कलम वाच आता.”

कलम मसुद्यात नव्हतं. पण हर्षदला ते पाठ होतं. त्याने उभ्यानेच म्हटलं. पहिलं वाक्य त्याच्या तोंडून व्यवस्थित आलं, उतरलेला माणूस जसा आला तसा चालत जाईपर्यंत फेरी चालूच समजावी. दुसऱ्या वाक्याला, ज्यांच्या कानांत तोल नाही त्यांना बसवू नये, यापाशी तो अडखळला. ते वाक्य कुणावर दार लावतंय हे आता सगळ्यांना दिसत होतं. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या निरीक्षकाने कलमाच्या बाजूने आधी हात वर केला, मग बाकीच्यांचेही हात वर गेले. कंपनीच्या वरिष्ठांनी ध्वनिक्षेपक खाली ठेवला.

हर्षद रांगेतून वाट काढत तिच्याजवळ येऊन बसला. लोक उठत होते, खुर्च्या सरकत होत्या. तिचे गुडघे खरचटले होते. असं का केलंस, त्याने विचारलं.

तिने नाश्त्याच्या बाईंची हकिकत सांगितली. त्या जळगावच्या. तेच औषध, तोच आजार, दोन वर्षांपूर्वीचा. रेणुकाचं धावणं कुणीतरी फोनवर टाकलं होतं, ते बघून त्या मिळेल त्या गाडीने आल्या होत्या. त्यांनी विचारलं, आठवड्यातून किती वेळा आलं की पुरतं, म्हणजे मी इथे जवळच घोटीत खोली भाड्याने बघते, मुलं राहतील तिकडे आजीपाशी. “माझ्या पडण्याचा हिशेब मी ठरवणार होते,” रेणुका म्हणाली. “तिच्या पडण्याचा मला ठरवता येईना. आणि मग माझाही ठरवता येईना. माझं घर सांगलीला आहे, हर्षद. मैदानात नाही.”

त्याने खिशातून रुमाल काढून तिला दिला. मग म्हणाला की काल तू जे विचारलंस ते खरं होतं.

“माहीत आहे. तुला माझा हात पाठीवर लागतो, हे खरंच आहे. पण म्हणून ते कलम काही खोटं ठरत नाही. तू इतका शहाणा, आणि ही साधी गोष्ट तुला कळली नाही.” तिने डोळे पुसले. ती रडत होती, आणि ते लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. “पण किती छान पळाले रे मी.”

“समोरच्या सगळ्या गड्यांना भोवळ आणलीस,” तो म्हणाला, आणि ती रडता रडता हसली.

डॉ. बोरकर पट्टा हातात घेऊन बाजूला उभ्या होत्या. रेणुकाने वर बघून त्यांना सांगितलं की दिवसभर घालता येईल असा पट्टा बनवा आणि बनला की आधी मला बोलवा. तेव्हा नियम बदलावा लागेल, आणि त्यासाठी तुम्हाला एक पोतं लागेल. बोरकरांनी मान डोलावली आणि पट्टा पदराआड केला, जणू तो दिसायला नको होता.

हॉल रिकामा झाला. बाहेर गाडी दाराशी येऊन थांबली होती. दारापर्यंतचं अंतर फार नव्हतं, पण रेणुकाला आज ते एकटीने जमणार नव्हतं आणि उद्याही नव्हतं. काही आठवडे लागणार होते. हर्षद उठला नाही. तो तिच्यापुढे सरकला, तिच्याकडे पाठ केली आणि तिच्यासारखाच उकिडवा बसला, बोटं जमिनीला टेकवून.

बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, थाप पडली. नुसता हात ठेवला नव्हता, खेळातली असते तशी चांगली सणसणीत थाप होती.

“खो,” रेणुका म्हणाली.

हर्षद उठला. तिलाही उठता यावं म्हणून तो सावकाश उठला, आणि तिचा हात पाठीवर नीट टेकल्यावर मग चालू लागला.